शिकवणारी सिस्टर

आमच्या जीएनएमच्या, म्हणजे नर्सिंग डिप्लोमाच्या काळात वॉर्ड आम्हा विद्यार्थिनींच्या जिवावर चाले. रात्रभर मेल मेडिकलमध्ये ड्यूटी करायची आणि सकाळी डॉक्टरांच्या ॲनाटॉमीच्या तासाला बसायचं. डोळे उघडे ठेवणं हाच तिथला अभ्यास. पुढे एम.एस्सी. करताना नर्सिंगशिक्षणाचा इतिहास वाचला, तेव्हा कळलं की ही तक्रार फार जुनी आहे.

अमेरिकेतही हॉस्पिटलच्या शाळा विद्यार्थिनींच्या श्रमावर चालत. तिथल्या नर्स-पुढाऱ्यांनी ओळखलं, की शाळा सुधारायच्या तर आधी शिकवणाऱ्या घडवायला हव्यात. इझाबेल हॅम्प्टन रॉब यांच्या पुढाकाराने १८९९ मध्ये न्यूयॉर्कच्या टीचर्स कॉलेजात अनुभवी नर्सेससाठी अभ्यासक्रम सुरू झाला. तिथेच १९०७ मध्ये मेरी ॲडलेड नटिंग प्राध्यापक झाल्या. नर्सिंगमधून प्राध्यापकपदी पोचलेल्या त्या पहिल्या.

आपल्याकडे १९४६ मध्ये दिल्ली आणि वेल्लोर इथे बी.एस्सी. नर्सिंग सुरू झालं. त्याच वर्षी आलेल्या, देशाच्या आरोग्यसेवेचा आढावा घेणाऱ्या भोर समितीच्या अहवालानेही प्रशिक्षित नर्सेसची टंचाई ठळकपणे मांडली. १९५९ मध्ये दिल्लीच्या कॉलेजात, म्हणजे आजच्या राजकुमारी अमृत कौर कॉलेजात, दोन वर्षांचा मास्टर्स अभ्यासक्रम आला. मुंबईत एसएनडीटीचं लीलाबाई ठाकरसी नर्सिंग कॉलेज १९६४चं.

एम.एस्सी.त मला खरा धडा मिळाला तो प्रॅक्टिस टीचिंगमध्ये. फर्स्ट इयरच्या मुलींना बीपी घ्यायला शिकवत होते. कफ बांधला, ब्रेकियल नाडी चाचपली, पारा कुठवर चढवायचा ते सांगितलं. तास संपल्यावर गाइड मॅडमनी एकच विचारलं, "तुम्ही शिकवलंत. मुली शिकल्या का, हे कशावरून?" तेव्हापासून प्रत्येकीकडून रिटर्न डेमॉन्स्ट्रेशन, म्हणजे तीच कृती तिच्या हातून, करून घेतल्याशिवाय मी पुढे जात नाही. ज्या हाताने अजून नीट कफ बांधला नाही, त्या हाताच्या नोंदीवर पेशंटचं औषध ठरू द्यायचं नाही.

म्हणून एम.एस्सी.कडे केवळ बढतीची पायरी म्हणून पाहिलेलं मला सहन होत नाही. स्टाफ कमी पडला की आजही विद्यार्थिनीचं नाव ड्यूटीच्या तक्त्यात चढतं. तिथे "ती शिकायला आली आहे" असं ठामपणे म्हणणं आणि पेशंटच्या खाटेशी तिच्या शेजारी स्वतः उभं राहणं, एवढ्यासाठी ही पदवी आहे.