व्हीपीएनवाल्यांची वही

व्हीपीएनचा, म्हणजे इंटरनेटवरच्या खासगी बोगद्याचा, जन्म ऑफिसच्या सोयीसाठी झाला. 1996 च्या सुमारास मायक्रोसॉफ्ट आणि इतर काही कंपन्यांनी पीपीटीपी हा प्रोटोकॉल आणला. घरी बसलेल्या कर्मचाऱ्याला कंपनीच्या नेटवर्कमध्ये शिरता यावं, एवढाच हेतू. पुढे हीच सोय महिन्याच्या वर्गणीवर घरोघरी विकली जाऊ लागली आणि विश्वासाचा प्रश्न उभा राहिला. इंटरनेट कंपनीपासून लपवलेली ये-जा आता व्हीपीएनवाल्याच्या सर्व्हरवरून होऊ लागली होती.

2011 मध्ये मोठा धडा मिळाला. सोनी पिक्चर्सची साइट फोडणाऱ्या लल्झसेक टोळीतल्या एकाने ब्रिटनमधली व्हीपीएन कंपनी 'हाइडमायअ‍ॅस'चा आडोसा घेतला होता. ग्राहक काय पाहतो, हे कंपनी टिपत नसे. पण कोणत्या आयपीवरून कोण कधी आलं-गेलं, हे मात्र लिहून ठेवत असे. कोर्टाचा आदेश आला आणि ती माहिती हवाली झाली.

मग 'नो लॉग्स', म्हणजे 'नोंदी ठेवत नाही', हे धंद्याचं ब्रीद झालं. सगळ्यांनी ते पाळलं नाही. 2020 मध्ये 'यूएफओ व्हीपीएन'च्या उघड्या पडलेल्या सर्व्हरवर ग्राहकांच्या नोंदी सापडल्या. उलट एप्रिल 2023 मध्ये झडतीसाठी आलेले स्वीडनचे पोलीस 'मुलवाड' या व्हीपीएन कंपनीच्या गोथेनबर्गमधल्या ऑफिसातून हात हलवत परतले.

भारतात सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने 2022 मध्ये व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची नावं-पत्ते पाच वर्षं जपून ठेवण्याचा हुकूम काढला, तेव्हा एक्सप्रेसव्हीपीएन आणि नॉर्डव्हीपीएन यांनी इथले सर्व्हर हटवले.

वर्गणी भरण्याआधी जाहिरात बाजूला ठेवावी आणि झडतीत कंपनीकडे काय सापडलं, ते तपासावं.