पोवळ्याची फुलं
अंगठीत आपण जे पोवळं घालतो ते मुळात काय, हा वाद जुना आहे. 1706 मध्ये मार्सिली यांनी ताजं पोवळं समुद्राच्या पाण्यात ठेवलं. त्यावर पांढरी फुलं उमलली. झालं, वनस्पती ठरली! पुढे 1725 च्या सुमारास पेसोनेल या फ्रेंच वैद्याने उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर तेच करून पाहिलं. ती 'फुलं' डिवचताच आक्रसत. म्हणजे हे प्राणीच! पॅरिसच्या पंडितांना मात्र ते पटलं नाही.

1961 मध्ये जकार्तातल्या ली चिन एंग यांनी आपली पद्धत छापली : जिवंत खडक, ऊन आणि हवेचे बुडबुडे. एवढ्यावर घरच्या टाकीत प्रवाळ जगलं. ओळखण्याचा पेच मात्र राहिलाच. एकाच जातीचं प्रवाळ उजेड आणि प्रवाह पाहून आकार बदलतं. म्हणून जाणकार सांगाड्यातल्या वाट्यांची ठेवण तपासतात.

आता आपल्याकडचं बघा. मालवणच्या समुद्रात प्रवाळ आहे, पण 2001 पासून कठीण प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. ते उचलून घरी आणणं गुन्हा. पेसोनेलकडून आपण घ्यायचं ते एवढंच : नाव ठेवण्याआधी थांबून बघायचं. ते समुद्रातही करता येतं.