मुदतबाह्य अर्जाची कैफियत

विद्यापीठाच्या दफ्तरात येणाऱ्या अर्जाची पहिली गाठ पडे ती आवक बारनिशी सांभाळणाऱ्या कारकुनाशी. लिफाफा फोडावा, अर्जाच्या माथ्यावर तारखेचा शिक्का उमटवावा, बारनिशीत अनुक्रमांक टाकावा आणि नेमलेली तारीख उलटून गेली असल्यास शेऱ्याच्या रकान्यात ‘मुदतीनंतर प्राप्त’ एवढे दोनच शब्द लिहावेत, असा त्याचा शिरस्ता असे. वरकरणी किरकोळ दिसणाऱ्या ह्या शेऱ्यावरून आपल्या देशात जे तंटे उपस्थित झाले, त्यांपैकी काही थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. आणि त्यांचा अनुक्रमाने विचार केला असता असे ध्यानात येते की, त्यांत वाद तारखेपुरता क्वचितच होता. झालेला विलंब क्षम्य ठरविण्याचा अखत्यार कोणाचा, हाच त्यांतील मूळ प्रश्न होता.

1857 साली मुंबई विद्यापीठाची स्थापना झाली आणि 1859 मध्ये ज्या पहिल्या प्रवेशपरीक्षेत महादेव गोविंद रानडे उत्तीर्ण झाले, तिच्या पुढील काही दशकांत खरी चाळणी त्या परीक्षेचीच होती. ती ओलांडणारे मूठभरच असल्यामुळे कला महाविद्यालयात जागा मिळणे हे त्यानंतर फारसे दुष्कर नसे. एखादा विद्यार्थी सत्र सुरू झाल्यावर चार दिवसांनी दाखल झाला, तर त्याची कैफियत ऐकून घेऊन त्याला वर्गात बसू द्यावे की परत पाठवावे, हे प्राचार्यांच्या मर्जीवर असे. त्या मर्जीविरुद्ध दाद मागण्याची वाटही अरुंदच होती. सार्वजनिक अधिकाऱ्याला त्याचे कर्तव्य करण्याचा हुकूम देण्याची जी सत्ता 1877 च्या विशिष्ट अनुतोष कायद्याच्या 45 व्या कलमाने उच्च न्यायालयांना दिली होती, ती मुंबई, मद्रास, कलकत्ता अशा इलाख्यांच्या राजधानीच्या शहरांपुरती मर्यादित होती. सातारा किंवा धारवाड येथील विद्यार्थ्याला आपल्या गावच्या संस्थेविरुद्ध तिचा काडीचाही उपयोग नव्हता.

परीक्षेच्या अर्जाला मात्र विलंब शुल्क, आणि त्याही पलीकडे अतिविलंब शुल्क, भरून मुदत ओलांडण्याची मुभा विद्यापीठे देत आली. एकाच संस्थेने परीक्षेच्या बाबतीत तारीख पैशाने विकावी आणि प्रवेशाच्या बाबतीत तिला अनुल्लंघनीय मानावे, ही विसंगती वाटते खरी. परंतु तिच्या मुळाशी कारण आहे. परीक्षेला एक उमेदवार वाढला तर एक बाक आणि एक उत्तरपत्रिका वाढते, कोणाचे काही जात नाही; प्रवेशाच्या जागा मोजक्या असल्यामुळे उशिरा आलेल्याला आत घेणे म्हणजे वेळेवर आलेल्या कोणाला तरी बाहेर ठेवणे होय. स्वातंत्र्योत्तर काळात वैद्यकीय आणि अभियांत्रिकी शिक्षणाकडे विद्यार्थ्यांचा ओघ वाढला, जागा अपुऱ्या पडू लागल्या, आणि तेव्हापासून तारखेला धार आली.

राज्यघटनेच्या 226 व्या अनुच्छेदाने 1950 पासून प्रत्येक उच्च न्यायालयाचे दार अशा गाऱ्हाण्यांसाठी मोकळे झाले. त्या दारातून आरंभीच शिरलेला सुप्रसिद्ध खटला चंपकम दोराईराजन यांचा. मद्रास सरकारच्या जातवार आज्ञेने वैद्यकीय महाविद्यालयातील दर चौदा जागांपैकी ब्राह्मणांना दोनच ठेवल्या होत्या. ती आज्ञा 9 एप्रिल 1951 रोजी सर्वोच्च न्यायालयाने घटनाबाह्य ठरविली, आणि त्यातून घटनेची पहिली दुरुस्ती उद्भवली, हे सर्वश्रुत आहे. त्या निकालातील एक बारीकशी गोष्ट मात्र सहसा कोणी सांगत नाही. चंपकम यांनी महाविद्यालयाकडे अर्जच केलेला नव्हता. चौकशीअंती आपला निभाव लागणार नाही असे कळल्यामुळे त्या तशाच न्यायालयात आल्या होत्या. त्यांच्यासाठी एक जागा राखण्याचे सरकारने मान्य केले असल्यामुळे न्यायालयाने तो मुद्दा ताणला नाही. पण अर्ज न करता मूलभूत हक्कांच्या भंगाची फिर्याद घेऊन येण्यास आपली संमती आहे असे कोणी समजू नये, अशी पुस्ती न्यायमूर्ती दास यांनी आवर्जून जोडली. घटनेच्या उदात्त तत्त्वांची चर्चा चालू असतानाही बारनिशीतील नोंदीचे महत्त्व न्यायासनाने असे अबाधित ठेवले.

पुढे टपालाचा प्रश्न आला. अर्ज वेळेत पोस्टात पडला, पण दफ्तरात पोहोचला मुदतीनंतर; आता दोष कोणाचा? ह्या प्रश्नाला उपयोगी पडणारे तत्त्व आले ते कराडजवळच्या ओगलेवाडीतून. औंध संस्थानातील ओगले काच कारखान्याने हिंदुस्थान सरकारला कंदील पुरविले होते आणि त्यांचे धनादेश दिल्लीहून टपालाने आले होते. त्यावरील प्राप्तिकराच्या वादात सर्वोच्च न्यायालयाने 1954 साली असे ठरविले की, घेणाऱ्याच्याच सांगण्यावरून वस्तू टपालाने धाडली असेल, तर टपालखाते हे त्या घेणाऱ्याचे मुखत्यार ठरते. त्याच न्यायाने, अर्ज टपालानेच पाठवावा असे विद्यापीठाने फर्माविले असेल, तर पोस्टाच्या दिरंगाईचे खापर उमेदवाराच्या माथी का फोडावे, असा युक्तिवाद करता येई. तो ओळखूनच की काय, ‘टपालातील विलंबास हे कार्यालय जबाबदार राहणार नाही’ हे वाक्य माहितीपत्रकांत कायमचे ठाण मांडून बसले.

ह्या सर्व वादांत खरा विवेक आणला तो 1980 सालच्या केरळमधील एका खटल्याने. पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशासाठी पदविकाधारकांना अधिक गुण मिळत. काही उमेदवारांना पदविका मिळालेली होती, पण तिचा दाखला अर्जासोबत जोडलेला नव्हता, आणि निवड समितीला ती गोष्ट निबंधकांच्या पत्रावरून कळली. उच्च न्यायालयाने त्यांची निवड रद्द केली. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ती पुनःस्थापित करताना पात्रता आणि पात्रतेचा पुरावा ह्यांत भेद केला: पात्रता विहित तारखेपर्यंत अंगी असलीच पाहिजे, तिचा कागद निवडीपूर्वी मागाहून आला तरी चालेल. 2005 मध्ये ओरिसातील एका विद्यार्थिनीच्या बाबतीत, जिल्हा सैनिक मंडळाने दिलेल्या दाखल्यातच चूक राहिली असताना, हेच तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा लागू केले.

परंतु दयाबुद्धीलाही विकार जडतात. अंतरिम हुकमाने वर्गात बसावे, दोन वर्षे काढावीत आणि मग आता बाहेर कसे काढता अशी विनवणी करावी, हा परिपाठ इतका बोकाळला की, अस्थानी सहानुभूतीने असे हुकूम देऊ नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाला 1993 मध्ये बजावावे लागले. इकडे प्राचार्यांच्या मर्जीचे रूपांतर अनेक ठिकाणी वशिल्यात आणि देणगीत झाले होते, तेव्हा तीही काढून घेणे क्रमप्राप्तच होते. वैद्यकीय प्रवेश सत्राच्या मध्यावर देऊ नयेत असे 2002 साली ठरले, 2005 मध्ये संपूर्ण वेळापत्रकच न्यायालयाने घालून दिले, आणि 30 सप्टेंबर ही तारीख वैद्यकीय प्रवेशेच्छूंच्या घरी सणावारांसारखी तोंडपाठ झाली. पुढे 2019 मध्ये त्या तटबंदीला एक खिडकी ठेवण्यात आली: उमेदवार गुणवान आणि निर्दोष असेल, चूक यंत्रणेची असेल आणि तो विनाविलंब न्यायालयात आला असेल, तर अपवाद म्हणून त्या तारखेनंतर महिनाभरात प्रवेश देता यावा.

आता बारनिशीची जागा संगणकाने घेतली आहे. कारकुनाला निदान कान होते. ठरल्या क्षणाला मिटणाऱ्या संकेतस्थळापुढे कैफियत मांडायची कशी? 2021 साली मुंबईच्या आयआयटीत जागा मिळालेल्या एका दलित विद्यार्थ्याचे शुल्क तांत्रिक अडचणीमुळे वेळेत भरले गेले नाही. उच्च न्यायालयाने त्याला परत पाठविले, आणि सर्वोच्च न्यायालयाने 142 व्या अनुच्छेदाखालील आपली असाधारण सत्ता वापरून त्याला जागा देवविली. 2024 मध्ये धनबादच्या आयआयटीची जागा एका रोजंदारी मजुराच्या मुलाने अशीच गमावली. साडेसतरा हजार रुपये जुळवता जुळवता 24 जूनची संध्याकाळी पाचची वेळ टळली होती. अनुसूचित जाती-जमातींचा आयोग, विधिसेवा प्राधिकरण आणि मद्रासचे उच्च न्यायालय असे उंबरठे झिजवीत तो दिल्लीला सर्वोच्च न्यायालयात पोहोचला, आणि 30 सप्टेंबर रोजी त्याला त्याची जागा मिळाली. दोन्ही प्रसंगी जागा अतिरिक्त निर्माण करण्यात आली, त्यामुळे वेळेवर आलेल्या कोणाचाही हक्क बुडाला नाही. तारखेची कठोरता आणि व्यक्तीवरील अन्याय ह्यांचा जुना झगडा मिटविण्याची युक्ती इतकी साधी होती.

तरीही ह्या निकालांचे निर्भेळ कौतुक करणे कठीण आहे. प्राचार्यांच्या लेखणीने एकेकाळी मिनिटभरात होणारे काम आज देशातील सर्वोच्च न्यायपीठाला करावे लागते, आणि तिथवर पोहोचण्याची ऐपत, धीर किंवा ओळख ज्यांच्यापाशी नाही, त्यांच्यासाठी तारीख पूर्वीइतकीच निष्ठुर राहते. पक्षपाताच्या भीतीने दफ्तरातून काढून घेतलेली क्षमेची सत्ता नियमांनी बांधून, कारणे लेखी नोंदविण्याच्या अटीवर आणि दोन-चार अतिरिक्त जागांच्या मर्यादेत, पुन्हा दफ्तरातच ठेवणे शक्य आहे; माहितीपत्रकात तिच्यासाठी एक कलम घातले की पुरे. तसे होईपर्यंत ‘मुदतीनंतर प्राप्त’ ह्या शेऱ्यावर अपील चालेल ते केवळ दिल्लीत.