चांद्याच्या अरण्यातील सैनिक व प्रथमोपचार : एक ऐतिहासिक विचार

लष्करी इतिहासलेखनात वेढे, तह व सेनापती यांना जे स्थान मिळाले, ते जखमी शिपायास सहसा मिळालेले नाही. तो पडल्यापासून वैद्याच्या हाती पोचेपर्यंतचा काळ कसा गेला, त्याला प्रथम हात कोणी लावला व काय केले, हे प्रश्न दुय्यम मानले गेले. पूर्वीच्या चांदा जिल्ह्याचा इतिहास (यातूनच २६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा वेगळा झाला) या दृष्टीने तपासला असता, येथे शस्त्राइतकेच ऊन, पाणी, ताप व अंतर हे सैनिकाचे वैरी होते असे दिसून येते. प्रस्तुत लेखात या सूत्राचा मागोवा घ्यावयाचा आहे.

१८१८ च्या मे महिन्यात कर्नल अ‍ॅडम्सच्या फौजेने चांद्याच्या तटबंद शहरास वेढा घातला व २० मे रोजी तटास पाडलेल्या खिंडारातून ते घेतले. मे महिना म्हणजे या प्रदेशातील सर्वांत कठोर उन्हाळा. तोफखान्याचा अधिकारी मेजर गोरहॅम याचा अंत अतिश्रमाने झाला, ही गोष्ट या संदर्भात बोलकी आहे. त्याच महिन्यात पटकीची साथ नागपुरास पोचली होती. १८१७ मध्ये बंगालात जेसोर येथे उद्भवलेल्या या साथीने त्या वर्षीच्या नोव्हेंबरात बुंदेलखंडात लॉर्ड हेस्टिंग्जच्या छावणीत हाहाकार उडविला होता. पटकी दूषित पाण्यातून पसरते, हे जॉन स्नो याने पुढे १८५४ मध्ये लंडनमध्ये दाखवून दिले. तोपर्यंत लष्करी वैद्य रुग्णाचे रक्त काढीत. शरीरातील द्रव संपल्यामुळे मरणाऱ्या माणसाच्या देहातून आणखी द्रव काढला जाई. मीठ व साखर मिसळलेले पाणी पाजणे हा साधा उपाय १९७१ साली बनगाव येथील निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी मोठ्या प्रमाणावर यशस्वी करून दाखविला. उपाय साधा असणे व तो हाती असणे यांत दीड शतकाचे अंतर पडले.

वैद्य येईपर्यंत सामान्य माणसानेच जखमीस सांभाळावे, ही कल्पनाही एकोणिसाव्या शतकातील होय. तिचा उगम रणांगणात आहे. १८६४ च्या जिनिव्हा कराराने जखमींना संरक्षण दिले. जर्मन शल्यविशारद एस्मार्क याने त्रिकोणी पट्टी प्रचारात आणली. इंग्लंडात १८७७ मध्ये सेंट जॉन रुग्णवाहिका संघटना स्थापन झाली व पुढल्याच वर्षी वुलविच येथे सर्जन-मेजर पीटर शेफर्ड यांनी नागरिकांसाठी प्रथमोपचाराचे वर्ग चालविले. २२ जानेवारी १८७९ रोजी इसांडलवाना येथील लढाईत ते स्वतः मारले गेले.

चांद्याच्या अरण्यात मात्र पट्टीपेक्षा मच्छरदाणीची गरज अधिक होती. हिवतापाचा जंतू डासाच्या शरीरात वाढतो, हा शोध लष्करी वैद्यकसेवेतील रोनाल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे लावला. महाराष्ट्रातील हिवतापाचा मोठा भार गडचिरोली जिल्हा दीर्घकाळ वाहत आला आहे. गस्तीवरून परतलेल्या जवानास ताप आल्यास त्याच दिवशी रक्ततपासणी करणे हा येथे सुरक्षिततेचा पहिला नियम मानावा लागतो.

१९९० नंतर प्रश्नाचे स्वरूप पालटले. त्या वर्षी गडचिरोली पोलीस दलात ‘सी-६०’ हे पथक उभे राहिले व त्यात स्थानिक तरुण घेण्यात आले. भूसुरुंग हे प्रतिपक्षाचे प्रमुख अस्त्र होते. १ मे २०१९ रोजी कुरखेडा तालुक्यात जांभूळखेडा गावाजवळ झालेल्या स्फोटात १५ पोलीस व त्यांच्या खासगी वाहनाचा चालक मृत्युमुखी पडले. अशा सुरुंगांपासून बचाव म्हणजे वाहन व रस्ता टाळून पायी जाणे, आणि गेल्या वाटेने न परतणे. परंतु येथेच एक पेच निर्माण होतो. जी वाट स्फोटापासून वाचविते, तीच जखमीस रस्त्यापासून दूर नेते. मांडीची मोठी रक्तवाहिनी तुटल्यास काही मिनिटांतच मृत्यू ओढवतो. भामरागडहून जिल्ह्याचे ठिकाण तर दीडशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे. हेलिकॉप्टरने जखमींना नागपुरास नेण्याची सोय झाली; तथापि ते उतरण्यास मोकळी जागा लागते व तेथपर्यंत सोबत्यांनाच खांदा द्यावा लागतो.

म्हणूनच १९९६ मध्ये अमेरिकी लष्करी वैद्यांनी मांडलेले रणभूमीवरील शुश्रूषेचे सूत्र येथे विशेष लागू पडते. गोळीबार चालू असता आधी आडोसा घ्यावा, हातापायातून भळभळणारे रक्त आवळपट्टीने थांबवावे, पट्टी बांधल्याची वेळ लिहून ठेवावी. बाकीचे उपचार नंतर. मात्र हाच आवळबंध सर्पदंशात घातक ठरतो. घोणस वा फुरसे चावले असता घट्ट बांधल्याने विष एका जागी साचून मांस सडण्याचा धोका वाढतो. तेथे अवयव हलू न देणे, धीर देणे व प्रतिविष मिळेल तेथे त्वरेने पोचविणे हाच मार्ग. एकच कृती एका ठिकाणी प्राण वाचविते व दुसरीकडे अवयव गमाविते. प्रथमोपचारास शिक्षणाची आवश्यकता का, याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण.

वस्तुतः हे अंतर केवळ सैनिकाचे नव्हे. पूर आला की पर्लकोटेच्या पलीकडील माडिया गर्भवतीसही खाटेवरूनच आणावे लागते. १९७३ पासून हेमलकसा येथील लोकबिरादरी प्रकल्पाने व १९८६ पासून डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने हाच प्रश्न नागरी बाजूने हाताळला. ‘सर्च’ने गावातील अल्पशिक्षित स्त्रियांना नवजात बालकांच्या शुश्रूषेचे शिक्षण दिले व त्यामुळे बालमृत्यू मोठ्या प्रमाणात घटल्याचे १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये सिद्ध केले. वैद्य दूर असेल तर विद्या जवळ आणावी, हे शेफर्ड यांचेच तत्त्व या प्रयोगात आढळते.

ऑक्टोबर २०२५ मध्ये मल्लोजुला वेणुगोपाल राव या ज्येष्ठ नेत्याने साठ सहकाऱ्यांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. बंदुका शांत होतील. परंतु ऊन, ताप, साप व पूर हे शांत होणारे नाहीत. संघर्षाच्या काळात जवानांनी आत्मसात केलेली ही विद्या बराकीतच राहते की त्यांच्या गावांपर्यंत जाते, यावर या इतिहासाचे पुढील प्रकरण अवलंबून राहील.