लष्कराचं हिरवं मैदान आणि आपलं गायरान

मागच्या उन्हाळ्यात आम्ही पाच-सहा जणी रेडिओच्या कामासाठी पुण्याला गेलो होतो. रिक्षा लष्कर भागातून चालली होती. मे महिन्याचं ऊन, रस्त्याकडेची झाडं धुळीनं माखलेली, आणि एका कुंपणापलीकडे एकदम हिरवंगार गवत दिसलं. पोपटाच्या पंखासारखं. मधे एक छोटा झेंडा रोवलेला, दोन-तीन माणसं हातात काठ्या घेऊन सावकाश चाललेली. आमच्यातली एकजण पटकन म्हणाली, "अगं बाई, एवढं गवत! इथं शेळ्या चारू देतात का?" रिक्षावाले दादा हसले. म्हणाले, "ताई, ते गोल्फचं मैदान आहे, फौजी साहेब लोकांचं. बाहेर खेळायचं तर लाखात जातं, यांना स्वस्तात पडतं."

ते 'स्वस्तात' आमच्या डोक्यात बसलं. एवढी जमीन, एवढं पाणी, एवढी राखण, आणि तरी स्वस्त? आपण घरी चार भाज्या स्वस्तात आणल्या तरी आपल्याला माहीत असतं, की कुणीतरी कमी पैशात राबलंय. मग इथं कोण भरतंय? म्हणून आम्ही या मैदानांचा इतिहास वाचायला घेतला. तो आज तुम्हाला सांगतो.

आधी खेळ समजून घेऊ. लहानपणी आपण गोट्या खेळायचो, गलीत गोटी घालायची. गोल्फ म्हणजे तसंच काहीसं, फक्त गल शेकडो पावलं लांब. लिंबाएवढा पांढरा चेंडू लांब काठीनं मारत मारत न्यायचा आणि तांब्याच्या तोंडाएवढ्या खड्ड्यात घालायचा. असे अठरा खड्डे असतात. ज्याला सगळ्यात कमी फटके लागले तो जिंकला. अठरा खड्डे पुरे करायला सहा-सात किलोमीटर चालावं लागतं. अशा पूर्ण मैदानाला साधारण शंभर एकर किंवा त्याहून जास्त जमीन लागते. शंभर एकर म्हणजे दोन-दोन एकरवाल्या पन्नास घरांचं शेत. शिवाय गवत हिरवं ठेवायला रोज पाणी, रोज कापणी, रोज झाडलोट.

हा खेळ मूळचा स्कॉटलंडचा. इंग्रजांच्या राज्यात स्कॉटलंडचे पुष्कळ लोक फौजेत आणि व्यापारात होते, त्यांनी तो इकडे आणला. कलकत्त्याचा गोल्फ क्लब १८२९ सालचा. ब्रिटनच्या बाहेरचा जगातला तो सर्वांत जुना क्लब मानतात. मुंबईत १८४२ साली क्लब निघाला. म्हणजे आगगाडी आपल्याकडे यायच्या आधी गोल्फ आला होता.

आता पुण्याकडे या. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली, दुसऱ्या बाजीरावाचा पराभव झाला, आणि त्याच महिन्यात शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण लागलं. मग इंग्रजांनी शहराच्या पूर्वेला आणि खडकीला छावण्या बसवल्या. जुन्या पुणेकरांच्या तोंडी त्या भागाचं नाव आजही 'लष्कर' किंवा 'कॅम्प' असंच आहे. पण ती जमीन काही मोकळी पडलेली नव्हती. वानवडी, घोरपडी ही मुळातली गावं. महादजी शिंदे १७९४ साली वानवडीलाच वारले, त्यांची छत्री आजही तिथं आहे. छावणी आली तशी त्या गावांच्या शिवाराची ओळख बदलत गेली.

छावणी म्हणजे नुसत्या बराकी नव्हेत. साहेबांचे बंगले, सदर बाजार, चर्च, घोड्यांच्या शर्यतीचं मैदान आणि खेळाच्या जागा, हे सगळं तिच्यात आलं. आपल्या मुली शाळेत बॅडमिंटन खेळतात ना? त्या खेळाचे सुरुवातीचे नियम १८७० च्या सुमारास पुण्याच्या छावणीतल्या इंग्रज अधिकाऱ्यांनी बसवले. काही काळ त्या खेळाला 'पूना' असंच नाव होतं. लढाई नसेल तेव्हा फौजेनं करायचं काय, माणसं तंदुरुस्त आणि एकत्र कशी ठेवायची, हा प्रश्न तेव्हाही होता. खेळ हे त्याचं उत्तर होतं. फक्त मैदानं कोणासाठी, तेही ठरलेलं होतं. साहेब खेळायचे, आणि गवत कापणारे, चेंडू शोधणारे, पिशव्या वाहणारे आपले लोक असायचे.

स्वातंत्र्यानंतर छावण्या आपल्या सरकारच्या ताब्यात आल्या. दक्षिण कमांडचं मुख्यालय आजही पुण्यात आहे. गोल्फही राहिला. पुण्यात दोन तऱ्हेची मैदानं आहेत. येरवड्याला विमानतळाच्या रस्त्यावर आहे ते पूना क्लबचं. तिथल्या चौकाला लोक गोल्फ क्लब चौकच म्हणतात. ते नागरी क्लबचं मैदान. आणि दुसरी लष्कराच्या आवारातली. शहरातल्या क्लबात सभासद व्हायला मोठी रक्कम लागते आणि वर्षानुवर्षं थांबावं लागतं. लष्कराच्या मैदानावर अधिकाऱ्याला थोडक्या वर्गणीत खेळता येतं.

यातली लष्कराची बाजू समजून घेतली पाहिजे. फौजी अधिकाऱ्याची दर दोन-तीन वर्षांनी बदली होते. आज पुणे, उद्या आसाम, परवा राजस्थान. तो कुठल्या क्लबात लाखो रुपये भरून बसणार? छावणीतच खेळ मिळाला तर घरच्यांनाही बरं पडतं. शिवाय भर शहरात एवढी झाडं आणि मोकळी जागा राहिली, तिथं इमारती उठल्या नाहीत, हाही फायदा आहेच.

या स्वस्त मैदानांतून काय उगवलं, तेही ऐका. अनिर्बन लाहिरी हा आपला मोठा गोल्फपटू १९८७ साली पुण्यातच जन्मला. त्याचे वडील लष्करात डॉक्टर. त्यांनी तो आठ वर्षांचा असताना त्याच्या हातात गोल्फची काठी दिली. २०१५ साली त्यानं मलेशियातली आणि भारतातली अशा दोन्ही मोठ्या खुल्या स्पर्धा जिंकल्या, पुढे दोन ऑलिंपिक खेळला. आणि दीक्षा डागर. हरयाणाची मुलगी, जन्मापासून ऐकू येत नव्हतं. वडील लष्करात अधिकारी, तेच तिचे गुरू. ती डावखुरी खेळते. २०१९ साली अठराव्या वर्षी तिनं दक्षिण आफ्रिकेतली महिलांची खुली स्पर्धा जिंकली. मग टोकियोचं ऑलिंपिक खेळली, आणि २०२२ साली ब्राझीलमध्ये झालेल्या कर्णबधिरांच्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदक घेऊन आली. लाखोंचा क्लब न परवडणाऱ्या पगारदार घरातली मुलं इतकी पुढं जातात, ती दार उघडं मिळालं म्हणून. ही गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते.

पण मैत्रिणींनो, फौजेत नुसते अधिकारी नसतात. सातारा जिल्ह्यात अपशिंगे नावाचं गाव आहे, त्याला अपशिंगे मिलिटरी असंच म्हणतात. तिथं घरटी कोणीतरी फौजेत आहे किंवा होतं. पहिल्या महायुद्धात त्या गावचे ४६ जण कामी आले. आपल्या गटांमध्येही जवानांच्या आया, बायका आणि वीरपत्नी आहेत. कॅन्टीनचं कार्ड त्यांना माहीत आहे, पेन्शनचे कागद माहीत आहेत. गोल्फचं मैदान मात्र त्यांनी आमच्यासारखंच कुंपणाबाहेरून पाहिलं असेल. आपल्याकडे लष्करातला गोल्फ हा मुख्यतः अधिकाऱ्यांचा खेळ राहिला. अमेरिकेतही लष्करी तळांवर अशी मैदानं आहेत. तिथं शुल्क हुद्द्याप्रमाणे असतं, साध्या शिपायाला सर्वांत कमी आणि वरच्या अधिकाऱ्याला जास्त. काही तळांवर बाहेरच्या सामान्य लोकांनाही पैसे भरून खेळता येतं.

मग 'कोण भरतंय' हा आमचा प्रश्न. त्याचं उत्तर सरकारच्याच एका अहवालात सापडलं. सरकारी खर्चाचा हिशोब तपासणारे महालेखापरीक्षक, ज्यांना कॅग म्हणतात, त्यांनी संरक्षण खात्याच्या जमिनींची तपासणी केली. तो अहवाल २०११ साली संसदेपुढे आला. त्यात लिहिलं होतं, की देशभरात लष्कराची ९७ गोल्फ मैदानं आहेत आणि त्यांच्याखाली ८,०७६ एकर सरकारी जमीन आहे. दोन एकराच्या हिशोबानं ती चार हजारांहून जास्त कुटुंबांची शेती होते. ही जमीन प्रत्यक्ष लष्करी कामासाठी राखलेल्या वर्गातली होती, आणि त्या कामांच्या यादीत गोल्फ बसत नव्हता. मैदानांना कागदावर 'लष्करी पर्यावरण उद्यान आणि प्रशिक्षण क्षेत्र' असं नाव दिलेलं होतं. काही ठिकाणी बाहेरच्या लोकांनाही पैसे घेऊन सभासद केलं होतं, आणि तो पैसा सरकारी खजिन्यात न जाता पलटणीच्या निधीत जमा होत होता.

हे वाचून आम्हाला कुणावर चोरीचा आळ घ्यायचा नाही. सीमेवर जो उभा राहतो त्याला खेळायला जागा असावीच. पण स्वस्ताईचं कोडं इथं सुटलं. खेळणाऱ्याला स्वस्त पडतं, कारण जमिनीचं भाडं कुणी धरतच नाही. ती जमीन सरकारची, म्हणजे तुमचीआमची. वर्गणी त्यांची, जमीन सगळ्यांची.

पाण्याचंही पाहा. खडकवासल्याचं धरण इंग्रजांनी बांधलं ते शहर, छावणी आणि शेती यांच्यासाठी. त्याचा कालवा पुढे हवेली, दौंड, इंदापूरकडे जातो. उन्हाळ्यात आवर्तन कधी सुटणार म्हणून कालव्याकडे डोळे लावून बसणाऱ्या आपल्या बहिणी तिकडेच राहतात. पाणी एकच, वाटेकरी अनेक. कित्येक गोल्फ मैदानांवर आता सांडपाणी शुद्ध करून वापरतात, आणि ते बरोबरच आहे. पिण्याजोगं पाणी आधी माणसाला, मग जनावराला आणि पिकाला, खेळाच्या गवताला सगळ्यात शेवटी.

कुंपण कायमचंच असतं असंही नाही. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्को शहरात प्रेसिडिओ नावाचा जुना लष्करी तळ होता. तिथलं गोल्फचं मैदान १८९५ सालचं. शंभर वर्षं ते फौजेचं आणि खास सभासदांचं राहिलं. १९९४ साली तळ बंद होऊन जागा राष्ट्रीय उद्यानाकडे गेली, आणि १९९५ पासून कुणीही तिकीट काढून तिथं खेळू लागलं. गवत तेच, फक्त फाटक उघडलं.

फाटकं आणखीही उघडली. स्कॉटलंडमध्ये सेंट अँड्र्यूज इथं गोल्फचा जुना, मानाचा क्लब आहे, १७५४ सालचा. त्यानं बायकांना सभासद करून घ्यायचं ठरवलं ते २०१४ साली, म्हणजे २६० वर्षांनी. आणि आपल्या पुण्याजवळ खडकवासल्याला एनडीए आहे, जिथं फौजेचे अधिकारी घडतात. तिथं मुलींना प्रवेश नव्हता. २०२१ साली सर्वोच्च न्यायालयानं प्रवेश परीक्षेचं दार उघडलं, २०२२ साली मुलींची पहिली तुकडी दाखल झाली, आणि ३० मे २०२५ ला १७ मुली तिथून बाहेर पडल्या. आता त्या अधिकारी होतील. लष्कराच्या हिरव्या मैदानावर त्याही चालतील, आणि या वेळी पिशवी दुसऱ्याची नसेल.

आता शेवटचं, आणि ते आपल्या गावचं. योगायोग असा, की ज्या २०११ साली कॅगचा तो अहवाल आला, त्याच साली जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं गावांच्या सामाईक जमिनींबद्दल मोठा निकाल दिला. गावाच्या सामाईक जमिनीवरची अतिक्रमणं काढा आणि ती जमीन पुन्हा गावाच्या वापरात आणा, असं सगळ्या राज्यांना सांगितलं. आपलं गायरान म्हणजे तेच. शेळी चारायची, सरपण आणायचं, शेणी थापायच्या, ते बाईचं काम. म्हणून गायरान गेलं की पहिली पायपीट बाईची वाढते.

शहरातलं मैदान पाहून आम्ही एवढं शिकून आलो. जमीन सरकारी असो की गावाची, तीन प्रश्न विचारायचे. जमीन कोणाची? वापरतं कोण? आणि हिशोब कुठं मांडलाय? देशाच्या एवढ्या मोठ्या फौजेलाही हे प्रश्न विचारता येतात आणि संसदेपुढे त्यांचा अहवाल ठेवता येतो, तर आपल्या ग्रामपंचायतीला विचारायला भ्यायचं कशाला?

तेव्हा या महिन्याच्या गटाच्या बैठकीत हप्ते भरून झाले की अर्धा तास काढा. आपल्या गावात गायरान किती एकर होतं, ते म्हाताऱ्या आजींना विचारा. आज कागदावर किती आहे, ते तलाठ्याकडून उतारा घेऊन पाहा. दोन्ही आकडे वहीत शेजारी शेजारी लिहा. फरक निघाला, तर ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा असते, तिथं तो वाचून दाखवा. आणि वही आम्हालाही दाखवा. ज्या गावाचे आकडे येतील, त्या गावच्या मैत्रिणींना बोलावून पुढचा कार्यक्रम करू.

शेळीवाल्या आमच्या ताईनं परत येताना विचारलं होतं, "मग तिथं चारू देत नाहीत ना?" नाही देत, ताई. म्हणून आपलं आहे ते तरी सांभाळू.