पॅकेज रोखणे (डेबियन)

पॅकेज रोखणे म्हणजे डेबियन व तिच्यावर आधारित उबुंटूसारख्या लिनक्स प्रणालींमध्ये एखादे सॉफ्टवेअर पॅकेज सध्याच्या आवृत्तीवर स्थिर ठेवणे. बाकीची पॅकेजे अद्ययावत होत असताना रोखलेल्या पॅकेजची नवी आवृत्ती आपोआप बसवली जात नाही.

या प्रणालींत पॅकेजे बसवण्याचे मूळ काम डीपीकेजी हे साधन करते. पॅकेज बसवावे, काढावे, मांडणीच्या फायलींसह पुसावे, की आहे तसेच ठेवावे (होल्ड), याची नोंद ते प्रत्येक पॅकेजसाठी ठेवते. 'एपीटी-मार्क होल्ड' या आज्ञेने यातील शेवटची नोंद होते, 'अनहोल्ड'ने ती निघते आणि 'शोहोल्ड'ने रोखलेल्या पॅकेजांची यादी दिसते. संगणक पुन्हा सुरू केल्यावरही नोंद टिकते.

कुबरनेटिस हे याचे परिचित उदाहरण आहे. त्यातील क्यूबलेट हा घटक नियंत्रक एपीआय सर्व्हरपेक्षा नव्या आवृत्तीचा असून चालत नाही. नेहमीच्या अद्ययावतीकरणात तो एकटाच पुढे गेल्यास हा नियम मोडतो. म्हणून अधिकृत सूचनांनुसार क्यूबलेट, क्यूबएडीएम आणि क्यूबसीटीएल ही पॅकेजे रोखून ठेवतात व ठरलेल्या क्रमाने स्वतंत्रपणे अद्ययावत करतात.

अद्ययावत करताना काही पॅकेजे 'मागे ठेवली' असा संदेश येतो. तो नेहमीच होल्डमुळे असतो असे नाही. नव्या आवृत्तीसाठी दुसरे पॅकेज काढावे लागत असल्यास 'एपीटी अपग्रेड' ते पाऊल उचलत नाही. उबुंटूमध्ये टप्प्याटप्प्याने वितरित होणारी अद्यतनेही अशीच थांबलेली दिसतात.

रोखण्याचा खरा धोका सुरक्षेचा आहे. डेबियनच्या स्थिर शाखेत सुरक्षा-दुरुस्त्या बहुधा जुन्याच आवृत्तीला जोडून दिल्या जातात, म्हणजे तेथे अद्ययावत करूनही कार्यक्रमाचे वर्तन फारसे बदलत नाही. होल्डला मात्र दुरुस्ती आणि मोठा बदल यांतील फरक कळत नाही. तो दोन्ही अडवतो. एखादे ग्रंथालय-पॅकेज रोखल्यास त्याच्या नव्या आवृत्तीवर अवलंबून असलेली पॅकेजेही अडकतात.

अधिक नेमके नियंत्रण हवे असल्यास 'पिनिंग' वापरतात. त्यात आवृत्तीला किंवा स्रोताला प्राधान्यक्रमांक देता येतो. सामान्य स्रोताचा क्रमांक ५०० असतो. १००० किंवा त्याहून मोठा क्रमांक दिल्यास एपीटी जुन्या आवृत्तीकडेही परतते.

फेडोरात हे काम 'व्हर्जनलॉक' करते. आर्च लिनक्समध्ये पॅकमनच्या मांडणीत 'इग्नोअरपॅकेज' ही सोय आहे, परंतु अर्धवट अद्ययावत केलेल्या प्रणालीला आर्चचा पाठिंबा नसल्याने तिचा वापर जपूनच करावा लागतो.