बंजारा कुत्रा
* बंजारा कुत्रा : यवतमाळ जिल्ह्यात पुसद, दिग्रस, दारव्हा या तालुक्यांत स्थिरावलेल्या बंजारा समाजाच्या लदेणीबरोबर, म्हणजे बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ लादून चालणाऱ्या व्यापारी तांड्याबरोबर, राखणीसाठी फिरणारा हा उंच, सडपातळ कुत्रा असून, आखूड केसांच्या कारवानी कुत्र्याहून तो कान, पाय व शेपटीवरील लांब केसांमुळे वेगळा ओळखू येतो. मालकाशी एकनिष्ठ आणि परक्याविषयी सावध असलेला हा कुत्रा पिल्लू असल्यापासून गुराढोरांत वाढे आणि जाणत्या कुत्र्यांमागे फिरतच राखण शिके. १८६७ मध्ये मुंबईचा लोहमार्ग वऱ्हाडातून नागपूरला पोहोचल्यावर लदेणी ओसरत गेली, तांडे एका जागी वसले आणि या कुत्र्याचे मूळ कामच संपले; म्हणून त्याचे जतन अगत्याचे ठरते.